व्यापारी इमारतींतील बिनतारी इंटरनेट

व्यापारी इमारतींतील बिनतारी इंटरनेट : दुकाने, कार्यालये, गुदामे, उपाहारगृहे, प्रवासी स्थानके इ. अनेकांच्या वापरातील मोठ्या इमारतींत तारेविना इंटरनेट सेवा सर्वत्र व पुरेशा गुणवत्तेने पोहोचविण्याची व्यवस्था. इमारतीच्या ज्या भागात ग्राहकाच्या संचाला वापरण्याजोगा संकेत मिळतो, त्या भागास ‘व्याप्तिक्षेत्र’ म्हणतात. संकेत नाममात्र पोहोचणे आणि त्यावरून काम चालणे यांत मोठा फरक आहे. व्याप्तिक्षेत्र वाढविण्याचा इतिहास हा एका अर्थी बांधकामाच्या सामग्रीचा व रेडिओ तरंगांचा झगडा आहे. या झगड्यात यश आले, ते प्रेषकाची शक्ती वाढवून नव्हे, तर तारेचे जाळे ग्राहकाच्या जवळ नेऊन. ‘बिनतारी’ म्हणवणारी ही सेवा भिंतीआड दडलेल्या तारांवर अवलंबून असते, आणि त्या तारा टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आज तंत्राइतकाच महत्त्वाचा ठरला आहे.

पूर्वेतिहास : रेडिओ तरंग भिंतीपलीकडे जातात, हे भारतात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील प्रयोगाने दाखविले. मधल्या भिंती ओलांडून गेलेल्या तरंगांनी सु. २३ मी. अंतरावरील घंटा वाजविली व बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. सार्वजनिक इमारतीच्या आत बिनतारी संकेत पोहोचविण्याचे हे आपल्या देशातील आद्य उदाहरण म्हणता येईल.

मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळातील ग्राहींना चांगले ऐकू येण्यासाठी घराबाहेर वा गच्चीवर आकाशक-तार ताणावी लागे व तिचे टोक खिडकीतून ग्राहीपर्यंत आणावे लागे. मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा हीच अडचण नव्या रूपात पुढे आली. उंच इमारतींवरून परावर्तित झालेला संकेत मूळ संकेतामागून किंचित उशिरा पोहोचला, तर पडद्यावर मूळ चित्राच्या बाजूला दुसरे अंधुक चित्र दिसे. अनेक मजली इमारतींत गच्चीवर एकच सामाईक आकाशक उभारून त्याचा संकेत समाक्ष केबलने घरोघर नेणे, हा त्यावरील एक उपाय होता. इमारतीच्या बाहेरील संकेत तारेने आत न्यावा व आत गेल्यावर तो वाटावा, हे तत्त्व तेव्हापासून आजतागायत कायम आहे. फरक एवढाच, की दूरदर्शन संच केवळ ऐकून घेणारा ग्राही होता, तर इंटरनेट वापरणारा संच स्वतःही बोलतो. त्यामुळे व्याप्तीचा विचार दोन्ही दिशांनी करावा लागतो.

बांधकाम व तरंग : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की संकेताची तीव्रता एक चतुर्थांश, म्हणजे ६ डेसिबेलने कमी होते. डेसिबेल हे गुणोत्तराचे मापन आहे. १० डेसिबेल घट म्हणजे एक दशांश व २० डेसिबेल घट म्हणजे एक शतांश शक्ती उरणे होय. २,४०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या तरंगांची लांबी सु. १२.५ सेंमी. व ५,५०० मेगाहर्ट्‌झच्या तरंगांची सु. ५.५ सेंमी. असते. कंप्रता जसजशी वाढते, तसतसे भिंतीतील शोषण सामान्यतः वाढते व कडांवरून वळण्याची क्षमता कमी होते. म्हणून ५,००० मेगाहर्ट्‌झवरील पट्ट्यात वेग अधिक मिळत असला, तरी पल्ला कमी पडतो.

मुंबईच्या व्यापारी वास्तूंच्या तीन पिढ्या पाहिल्यास अडथळ्याचे स्वरूप कसे बदलत गेले ते ध्यानी येते. फोर्ट भागातील एकोणिसाव्या शतकातील दगडी इमारतींत जाड भिंती हा मुख्य अडथळा आहे. मात्र उंच खिडक्या व लाकडी तक्तपोशी यांतून तरंगांना वाट मिळते. सलोह काँक्रीटच्या काळात, विशेषतः नरिमन पॉइंट येथील एअर इंडिया (१९७४) यांसारख्या बहुमजली इमारतींत, मजल्यामजल्यांतील सळयांचे जाळे व उद्वाहकांभोवतीचा काँक्रीटचा गाभा हे मुख्य अडथळे झाले. उद्वाहकाची धातूची पेटी तर जवळजवळ पूर्ण विद्युत् कवचाचे काम करते. त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागांत काचेच्या दर्शनी भिंतींची पद्धत रूढ झाली. काच पारदर्शक असल्याने ती तरंगांनाही मोकळी असावी, असा समज होतो. परंतु उष्णता अडविण्यासाठी तिच्यावर दिलेला धातूचा अतिपातळ थर रेडिओ तरंगही परावर्तित करतो. अशा काचेतून जाताना २० ते ३० डेसिबेल किंवा त्याहून अधिक घट होऊ शकते. म्हणजे वातानुकूलनाचा खर्च वाचविणारी काचच बाहेरील मोबाइल मनोऱ्याचा संकेत आत येऊ देत नाही.

उदाहरणादाखल हिशोब पाहू. १०० मिलिवॉट शक्तीचा प्रेषक २,४०० मेगाहर्ट्‌झवर चालत असेल, तर मोकळ्या जागेत १० मी. अंतरावर संकेताची पातळी सु. -४० (एका मिलिवॉटच्या सापेक्ष डेसिबेल) व २० मी. अंतरावर सु. -४६ असते. मध्ये प्रत्येकी ६ डेसिबेल घट करणाऱ्या दोन विटांच्या भिंती व २० डेसिबेल घट करणारी एक काँक्रीटची तक्तपोशी आली, तर ती -७८ वर येते. ध्वनिसंभाषण अखंड चालावे यासाठी अभियंते सामान्यतः -६७ ही पातळी गाठण्याचे उद्दिष्ट ठेवतात. प्रेषकाची शक्ती दहापट केली, तरी पातळी केवळ १० डेसिबेलनेच सुधारते. शिवाय ग्राहकाच्या खिशातील मोबाइल संचाची शक्ती त्यामुळे वाढत नाही. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचे सर्वांना ऐकू गेले, तरी दूरच्या श्रोत्याचे क्षीण उत्तर त्याला ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार होय. पडद्यावर संकेताच्या सर्व रेषा भरलेल्या दिसूनही काम अडते, त्याचे एक कारण हे आहे.

वाय-फायचा उगम : हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरील संगणकीय केंद्रे रेडिओने जोडणारे ‘अलोहा’ जाळे कार्यान्वित केले. एकच वाहिनी अनेकांनी वाटून वापरावी ही त्यामागील कल्पना पुढील सर्व पद्धतींना पायाभूत ठरली. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने १९८५ मध्ये औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपयोगांसाठी राखलेले कंप्रता पट्टे विशिष्ट अटींवर परवान्याविना संदेशवहनास खुले केले. त्याचा लाभ घेऊन एन्‌सीआर या रोकडयंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या नेदर्लंड्समधील अभियंत्यांनी ‘वेव्हलॅन’ ही पद्धत विकसित केली. दुकानातील मांडणी बदलली, की रोकडयंत्रांच्या तारा उखडून पुन्हा टाकाव्या लागत. तो खर्च टाळणे हा तिचा एक मूळ हेतू होता. बिनतारी स्थानिक जाळ्याचा जन्म अशा रीतीने व्यापारी इमारतीच्या गरजेतूनच झाला.

या पद्धतींना समान मानक देण्यासाठी विद्युत् व इलेक्ट्रॉनीय अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ८०२.११ ही समिती १९९० मध्ये कामास लागली. तिचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वेग सेकंदाला १ व २ मेगाबिट असा होता. १९९९ मध्ये तो ११ मेगाबिटांवर गेला व त्याच वर्षी स्थापन झालेल्या उत्पादक संघाने ‘वाय-फाय’ हे व्यापारी नाव रूढ केले. २००९ च्या मानकाने एकाच वेळी अनेक आकाशकांनी प्रेषण व ग्रहण करण्याची पद्धत स्वीकारली. दूरदर्शनच्या काळात चित्र बिघडविणारी परावर्तने या पद्धतीत उपकारक ठरतात. कारण निरनिराळ्या मार्गांनी येणारे तरंग निरनिराळी माहिती वाहू शकतात. या पद्धतीचे आद्य प्रवर्तक आरोग्यस्वामी पॉलराज हे भारतीय नौदलातील अधिकारी होते. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी व लोणावळ्याचे नौदल अभियांत्रिकी महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी ही कल्पना मांडली व २०१४ मध्ये त्यांना मार्कोनी पारितोषिक मिळाले.

भारतातील प्रसार व नियमन : १८८५ चा भारतीय तार अधिनियम व १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम यांखाली देशातील बिनतारी उपकरणे परवान्याच्या कक्षेत होती. घरच्या रेडिओसाठीही एके काळी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती दूरध्वनीच्या तारेवरून मिळत असे. वाय-फायच्या प्रसाराला खरी गती मिळाली ती जानेवारी २००५ च्या अधिसूचनांनंतर. त्यांनी २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला व ५,००० मेगाहर्ट्‌झवरील काही भाग इमारतीच्या आतील वापरापुरता खुला केला. २०१८ मध्ये या वरच्या पट्ट्यातील बराच मोठा भाग घराबाहेरील वापरासही परवानामुक्त झाला. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने उपरोक्त दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली.

तरंग भिंतीशी थांबत नाहीत, याची दुसरी बाजू महाराष्ट्राने २००८ मध्ये अनुभवली. २६ जुलै रोजी अहमदाबादेत झालेल्या बाँबस्फोटांपूर्वी काही मिनिटे पाठविलेला धमकीचा ई-पत्रव्यवहार नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरातील असुरक्षित वाय-फायचा त्रयस्थाने वापर करून झाल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जाळी सुरक्षित ठेवण्याविषयी व वापरणाऱ्यांची ओळख नोंदविण्याविषयी सूचना दिल्या. व्याप्ती हवी तेथे असावी व नको तेथे नसावी, हा विचार त्यामुळे आराखड्यात आला.

रचनेतील बदल : प्रारंभी एका कार्यालयास एक प्रवेशबिंदू (तारेचे जाळे व बिनतारी ग्राहक यांना जोडणारे उपकरण) पुरेसा मानला जाई. तो बहुधा बाहेरील केबल जेथे आत येई तेथेच, म्हणजे एका कोपऱ्यात वा धातूच्या कपाटात, बसविला जाई. संकेत कमी पडल्यास मोठा आकाशक लावणे वा मध्ये पुनःप्रेषक ठेवणे, असे उपाय होत. पुनःप्रेषक एकाच वाहिनीवर ऐकून तेच पुन्हा सांगत असल्याने उपलब्ध वेळ निम्म्यावर येतो. म्हणून घरगुती वापरास तो चालला, तरी गर्दीच्या इमारतीत अपुरा ठरतो. मोबाइल सेवेचा संकेत वाढविण्यासाठी विनापरवाना लावलेले प्रवर्धक याहून घातक असतात. ते जवळच्या मनोऱ्याच्या ग्रहणात व्यत्यय आणून परिसरातील इतरांची सेवा बिघडवितात.

वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दूरच्या ग्राहकाला क्षीण संकेतामुळे सावकाश बोलावे लागते व तो वाहिनी अधिक काळ अडवून ठेवतो. परिणामी जवळच्या ग्राहकाचाही वेग घटतो. यावरून व्याप्ती व क्षमता हे दोन वेगळे प्रश्न असले, तरी परस्परांशी जोडलेले आहेत, हे दिसते. नव्या पद्धतीत मोठ्या शक्तीच्या एका प्रवेशबिंदूऐवजी अल्प शक्तीचे अनेक प्रवेशबिंदू वापरतात व प्रत्येकाने आपल्यापुरते लहान क्षेत्र सांभाळावे अशी योजना करतात. खालच्या पट्ट्यात परस्परांना न छेदणाऱ्या १, ६ व ११ या तीनच वाहिन्या मिळत असल्याने शेजारच्या बिंदूंना त्या आलटूनपालटून देतात. वरच्या पट्ट्यात वाहिन्या पुष्कळ असल्याने गर्दीच्या जागी त्यालाच पसंती देतात. बिंदू केवळ सज्ज्यांतून वा लांब मार्गिकांतून ओळीने बसविल्यास ते परस्परांनाच स्पष्ट ऐकतात व गाळ्यांतील ग्राहक मात्र उपेक्षित राहतो. म्हणून ते माणसे प्रत्यक्ष बसतात तेथे असावेत, असा संकेत आहे.

प्रत्येक प्रवेशबिंदूपर्यंत तार नेणे हे या योजनेतील खर्चाचे काम होय. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीमुळे एकाच पिळाच्या तांब्याच्या केबलमधून माहिती व वीज दोन्ही देता येऊ लागल्या. या केबलची मर्यादा १०० मी. असल्याने मोठ्या इमारतीत मजल्यामजल्यावर वितरणपेटी ठेवून त्या प्रकाशीय तंतूंनी जोडतात. सर्व बिंदूंची शक्ती व वाहिन्या एका मध्यवर्ती नियंत्रकाकडून ठरविण्याची पद्धतही याच दशकात आली. बांधकामाचा नकाशा पाहून प्रथम अंदाज घेणे, नंतर प्रत्यक्ष फिरून मोजणी करणे व माणसांची आणि मालाची वर्दळ सुरू झाल्यावर ती पुन्हा करणे, ही सर्वेक्षणाची तीन अंगे आहेत. रिकाम्या गुदामातील मोजणी माल भरल्यावर निरुपयोगी ठरते; पाण्याचा अंश असलेला माल तरंग शोषतो व धातूचा माल ते परावर्तित करतो.

मुंबई सेंट्रल : सार्वजनिक वापराच्या मोठ्या वास्तूतील वाय-फायचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबई सेंट्रल रेल्वे स्थानक. क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे स्थानक डिसेंबर १९३० मध्ये सुरू झाले. रेल्वेमार्गांलगत प्रकाशीय तंतूंचे जाळे असलेल्या रेलटेल या सार्वजनिक उपक्रमाने गूगल कंपनीच्या सहकार्याने येथे जानेवारी २०१६ मध्ये विनामूल्य वाय-फाय सुरू केले. या योजनेतील हे पहिले स्थानक होय. जून २०१८ पर्यंत स्थानकांची संख्या ४०० झाली. २०२० मध्ये गूगलने योजनेतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. रेलटेलने सेवा पुढे चालविली. स्वस्त मोबाइल डेटामुळे तिचे महत्त्व घटले, तरी एक धडा स्पष्ट झाला : तंतूंचे जाळे आधीच दाराशी असल्यामुळेच नव्वदीकडे झुकलेल्या वास्तूत ही सेवा आणता आली.

तारांवरील अधिकार : खाजगी व्यापारी संकुलात मात्र दाराशी आलेला तंतू आत जाईलच असे नाही. इमारतीचा मालक वा विकासक एकाच सेवादात्याशी करार करून इतरांना मज्जाव करू शकतो. मग गाळेधारकाला सेवा वाईट असली, तरी तीच घ्यावी लागते. याचा विचार करून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये शिफारशी केल्या. इमारतीअंतर्गत साधने सेवादात्यांनी वाटून वापरावीत, प्रवेशात भेदभाव नसावा व एकाधिकाराचे करार होऊ नयेत, असा त्यांचा आशय होता. आदर्श बांधकाम उपविधींत २०२२ मध्ये जोडलेल्या पुरवणीने इमारतींत दूरसंचारासाठी सामाईक सोयी ठेवण्याची दिशा दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने इमारतींना त्यांच्या डिजिटल संपर्कसोयीवरून तारांकित श्रेणी देण्याचे विनियम केले. पाणी व वीज यांप्रमाणे संपर्क हाही इमारतीच्या मूळ आराखड्याचा भाग मानावा, ही त्यांमागील भूमिका होय.

हा प्रश्न किती व्यावहारिक आहे, हे मुंबईच्या तिसऱ्या मेट्रो मार्गावर दिसून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाल्यावर भुयारी स्थानकांत अनेक प्रवाशांना मोबाइल सेवा मिळेना. आतील आकाशक प्रणाली कोणी उभारावी व तिच्या वापराचे शुल्क किती असावे, याविषयी सेवादात्या कंपन्या व मेट्रो प्रशासन यांच्यात मतभेद होते. तंत्र उपलब्ध होते. अडले ते करारापाशी. भ्रमणध्वनीवरून तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला वा संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरविणाऱ्याला मात्र दोन्हींत फरक जाणवत नाही. डिसेंबर २०१९ पासून देशात वाय-फायवरून नेहमीच्या क्रमांकाने संभाषण करण्याची सोय मिळू लागल्याने, मोबाइलचा संकेत न पोहोचणाऱ्या तळघरांत चांगले वाय-फाय हे केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही.

लहान बाजारपेठा : हा प्रश्न महानगरांपुरता नाही. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा येथे नांदेड-हिंगोली रस्ता व तुळजापूर-नागपूर महामार्ग एकत्र येतात. मराठवाड्यातील अशा फाट्यांवर वाहतुकीबरोबर दुकाने, उपाहारगृहे व गुदामे वाढतात. येथील इमारती उंच नसतात. पण काँक्रीटचे छत, लोखंडी शटर व गुदामांचे पत्रे हे तिन्ही अडथळे त्यांत एकवटलेले असतात. पत्रा तरंगांना जवळजवळ आरपार जाऊ देत नाही. रस्त्याकडील गाळ्यात उत्तम चालणारी सेवा मागच्या गाळ्यात वा तळघरात बंद पडते, त्याचे कारण बहुधा हेच असते. २०१६ मध्ये आलेल्या एकीकृत देयक प्रणालीनंतर चहाच्या टपरीवरही भ्रमणध्वनीने पैसे दिले जातात. त्यामुळे संकेत नसणे म्हणजे विक्री अडणे होय. अशा दुमजली संकुलात रस्त्यालगत एक शक्तिमान उपकरण ठेवण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर व पत्र्याच्या प्रत्येक गुदामात तारेने जोडलेला एक लहान प्रवेशबिंदू ठेवणे अधिक उपयुक्त व बहुधा स्वस्त पडते. त्यासाठी बांधकामाच्या वेळीच भिंतीतून दोन-चार नळ्या टाकून ठेवणे पुरेसे असते. छत भरल्यावर तेच काम कितीतरी पटींनी महाग होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत लहान दुकानदारालाही परवाना व नोंदणी शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालविता येते. तथापि दुकानापर्यंत भरवशाची तारेची जोडणी असल्याशिवाय या सवलतीचा लाभ होत नाही.

मूल्यमापन : मानके बदलत गेली, वेग हजारो पटींनी वाढला व कंप्रता वरवर सरकत गेली, परंतु कंप्रता जितकी वरची, तितकी भिंत अधिक जाड ठरते, हा नियम बदललेला नाही. त्यामुळे पुढील काळात प्रवेशबिंदू अधिक जवळजवळ येतील व त्यांच्यामागील तारांचे जाळे अधिक दाट होईल, असे म्हणता येते. या जाळ्याची तरतूद आराखड्यात करण्याचे दायित्व वास्तुशिल्पज्ञावर, ते सर्वांना समान अटींवर खुले ठेवण्याचे मालकावर व तसे होते की नाही हे पाहण्याचे स्थानिक नियोजन प्राधिकरणावर येते. ही तिन्ही दायित्वे पाळली गेली, तर दर्शनी गाळा व तळघरातील गाळा यांना मिळणाऱ्या सेवेतील अंतर नाहीसे होऊ शकते. न पाळल्यास कितीही प्रगत उपकरण ते भरून काढू शकत नाही.